चौकातल्या बागेचे कुलूप

साताऱ्यात आमच्या पेठेच्या चौकात एक छान बाग आहे, असे मी इतकी वर्षे पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो. यापुढे सांगणार नाही. जिच्या फाटकाला बारा महिने तेरा काळ कुलूप असते, तिला बाग म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे. गजांआडची हिरवळ म्हणावे, तर हिरवळ तरी कुठे आहे? गुडघाभर गाजरगवत माजले आहे आणि त्यात दोन बाकांच्या पाठी तेवढ्या दिसतात.

सातारा हे चढउतारांचे गाव आहे, हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. राजवाड्याजवळून भाजी घेऊन घराकडचा चढ चढताना तिचे गुडघे बरोबर या चौकातच बोलू लागतात. तिला दहा मिनिटे टेकायला हवे असते, याहून अधिक तिचे या शहराकडे काही मागणे नाही. आत, फाटकापासून दहा पावलांवर, कडुलिंबाच्या सावलीत सिमेंटचा बाक आहे आणि त्याच्या पाठीवर देणगीदाराचे नाव इतक्या ठळक अक्षरांत आहे की ते रस्त्यावरूनही वाचता येते. आई ते नाव वाचते आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर, उन्हात, पिशवी मांडीवर घेऊन बसते.

फाटकावर वेळांची पाटी आहे. सकाळी ६ ते ९, सायंकाळी ५ ते ८. म्हणजे ज्या वेळी सावलीची गरज असते ती वेळ मुळातच वगळलेली. तरीही ही पाटी खरी असती तर मी गप्प बसलो असतो. मी सहा वाजता गेलो आहे, साडेसातला गेलो आहे, सायंकाळी पाचला, सहाला आणि सातलाही गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी ते गंजके कुलूप जागच्या जागी होते. किल्लीचा शोध घेतला, त्याची हकिगत अशी: किल्ली माळ्याकडे, माळी ठेकेदाराचा, ठेकेदाराची मुदत मार्चअखेर संपलेली, नवा ठेका निघालेला नाही, आणि तो निघेपर्यंत किल्ली कोणाच्या ताब्यात असावी याचा आदेश कोणीच काढलेला नाही. ज्या खिडकीवर मी हे विचारले तिने मला दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, दुसरीने जेवणाच्या सुट्टीकडे बोट दाखवले. अर्ज दिला, पोच घेतली. ती पोच आता माझ्या पाकिटात घडी पडून फाटू लागली आहे.

बाग बंद का ठेवता, या प्रश्नाला मिळणारे उत्तर तर संताप आणणारेच आहे. म्हणे, उघडी ठेवली तर पोरे दारू पितात, कुत्री घाण करतात, जोडपी बसतात. जोडप्यांनी बागेत बसायचे नाही तर कुठे बसायचे, हे एक असो. पण दारू पिणारे आजही आत जातातच, कारण त्यांना गजांवरून उडी मारता येते, आणि त्यांच्या बाटल्या गवतात चमकताना आम्ही बाहेरून रोज पाहतो. कुत्री तर मागच्या बाजूच्या वाकलेल्या गजांतून बिनदिक्कत ये-जा करतात. या कुलपाने अडवली आहेत ती फक्त म्हातारी माणसे, लहान मुले आणि कायद्याने वागणारी आमच्यासारखी मूर्ख माणसे.

हे शहर असे नव्हते, म्हणून राग अधिक येतो. १७०८ साली शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर किल्ल्याखाली पेठ-पेठ करत गाव वसत गेले, तेव्हापासून माणसांनी एकत्र बसण्याच्या जागा या गावाला आहेत. मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही नुसती पाण्याची साठवण नव्हती. तळ्याचा काठ म्हणजे त्या भागाची बैठक. राजवाड्यापुढचे मैदान आणि गोलबाग आजही साताऱ्याचे खरे अंगण आहेत. तिथे सभा होतात आणि तिथेच सायंकाळी भेळ खाल्ली जाते. खुद्द राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर बाबासाहेब आंबेडकरांचे नाव चढले. ज्या गावात राजाच्या वाड्याचे दार शाळकरी पोरांसाठी उघडले, त्या गावात चार झाडांच्या बागेला कुलूप घालण्याची बुद्धी व्हावी, याला काय म्हणावे?

चौकातल्या बागेला कुलूप घालण्याची रीत मुळात साताऱ्याची नाहीच, ती लंडनची. थोरल्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून दूर करून काशीला धाडले, त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे झगडत राहिले. १८४७ साली महाराज वारले, १८४८ साली राज्यही खालसा झाले, तरी ते लगेच परतले नाहीत. ज्या लंडनमध्ये ते कैफियती घेऊन वणवण करत होते, तिथे या चौकबागांचा काळ ऐन भरात होता. चारही बाजूंना एकसारख्या घरांच्या रांगा, मधोमध बाग, भोवती लोखंडी गज, आणि फाटकाची किल्ली फक्त त्या घरांत राहणाऱ्यांकडे. सेंट जेम्स स्क्वेअरच्या रहिवाशांनी तर १७२६ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला आणि स्वतःवर पट्टी बसवून चौक बंदिस्त केला. बाहेरच्याने गजांतून बघावे आणि पुढे व्हावे.

ही व्यवस्था आपमतलबी होती, यात शंका नाही. पण तिचा हिशेब सरळ होता. जो पैसे भरेल, त्याच्याकडे किल्ली. आमच्याकडे घरपट्टी आम्ही भरतो, बागेचे गज आमच्या पैशांतून बसतात, रंग आमच्या पैशांतून लागतो, आणि किल्ली मात्र मुदत संपलेल्या ठेकेदाराच्या न सापडणाऱ्या माळ्याकडे! आणि त्याच लंडनमध्ये पुढे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी कित्येक चौकांचे गज उपटून नेले गेले, आणि काही चौक नंतर सर्वांसाठी खुले झाले. त्याआधीच, १९२०च्या दशकात युस्टन स्क्वेअरच्या बागेच्या एका भागावर इमारत उभी राहिली तेव्हा लोक खवळले आणि १९३१ साली चारशेहून अधिक चौकबागांना संरक्षण देणारा कायदा झाला. आमच्या बागेवर उद्या व्यापारी संकुल उठले तर खवळायला कोण येणार? जिच्यात कोणी कधी बसलेच नाही, तिच्यासाठी भांडणार तरी कोण? कधीकधी वाटते, कुलपामागचा हेतू हाच तर नसेल?

झाडांविषयी न बोललेले बरे, तरीही बोलतो. मागे एकदा सुशोभीकरण झाले, म्हणजे कडुलिंबाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घट्ट बसवण्यात आले. मुळांना पाणी जायला वीतभरही माती उघडी ठेवली नाही. दोन उन्हाळ्यांत झाडाची एक बाजू वाळली. कारंजे बसवले, ते उद्घाटनाच्या दिवशी उडाले, आता त्याच्या हौदात पावसाचे पाणी साचते आणि डासांची पैदास होते. गजांवर मात्र एक इंच जागा मोकळी नसते. कुणा ना कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिथे कायम फडकत असतो, त्यामुळे निदान गाजरगवत तरी झाकले जाते.

बाग उघडलेली मी यंदा एकदाच पाहिली, ५ जूनला. पर्यावरण दिन होता. सकाळी गवत कापले, मांडव घातला, गाड्या आल्या, एक रोप लावले गेले आणि त्या एका रोपाला नऊ जणांनी हात लावून फोटो काढून घेतले. आई त्या गर्दीतून शांतपणे आत गेली आणि देणगीदाराच्या त्या बाकावर जाऊन बसली. चाळीस मिनिटांनी गाड्या गेल्या आणि एक माणूस कुलूप हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

“आज्जी, उठा आता, कुलूप लावायचंय.”

“परत कधी उघडणार, बाबा?”

“आता पुढच्या कार्यक्रमालाच.”

त्यानंतर जूनभर पावसाने ओढ दिली. आई भाजीच्या पिशवीत पाण्याची एक जादा बाटली ठेवू लागली आणि जाता-येता गजांतून हात घालून रोपाकडे पाणी फेकू लागली. रोप गजांपासून चार हात आत आहे. पाणी पेव्हर ब्लॉकवर पडते आणि उताराने परत रस्त्यावर येते.