दीड रेघ

दोन रेघा आल्या तर कोविड आहे, एकच आली तर नाही. हिशेब इतका सोपा. माझी दीड आली.

त्या दीड रेघेचा फोटो मी ऑफिसला पाठवला होता. रजा मंजूर व्हायची तर पुरावा हवा. अकरा दिवस त्यावर कुणी ब्र काढला नाही. मी तापलो, खोकलो, बरा झालो, कामावर हजर झालो, आणि परवा मेल आला : 'फोटोत रेघ स्पष्ट दिसत नाही. कृपया स्पष्ट रेघेचा फोटो पाठवावा.' आता मी काय त्या विषाणूला गाठून सांगू, की बाबा रे, परत एकदा ये आणि या खेपेला जरा दाबून लिही, वरच्या साहेबांना वाचता येत नाहीये?

त्या गुरुवारी रात्री अंग मोडून आलं होतं. शुक्रवारी सकाळी घशात काचा. कपाटाच्या तळाशी दोन पट्ट्यांचं एक किट पडलेलं सापडलं. कधी घेतलं देव जाणे, पण मुदत अजून दोन महिने होती. काडी नाकात घातली, दोन्ही बाजूंना पाच-पाच वेढे दिले, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं, नळीतल्या द्रावणात काडी घुसळली, पट्टीच्या खळग्यात मोजून थेंब टाकले. इथवर शिस्तीत पार पडलं.

मग पंधरा मिनिटं थांबायचं. आणि वीस मिनिटं उलटल्यावर जे दिसेल ते धरायचं नाही, असं सोबतच्या कागदावर बजावलं होतं. कागद उलगडला तर पलंगावर अंथरता येईल एवढा, आणि अक्षर मुंगीनं पाय पुसल्यासारखं. ज्याला ताप आहे, ज्याच्या नाकात आत्ताच काडी जाऊन आली आहे आणि ज्याचे डोळे गळतायत, अशाच माणसानं वाचायचा हा कागद. तो या टायपात छापायचं ज्यानं ठरवलं त्याला एकदा तरी १०१ ताप यावा आणि त्याचा चष्मा नेमका सापडू नये. हे मी विनोदानं म्हणत नाहीये.

चौदाव्या मिनिटाला साहेबांचा फोन. "आज येताय ना?" घशातून आवाज निघत नाही म्हटल्यावर त्यांना बोलायला रानच मोकळं मिळालं. फोन ठेवून पट्टीकडे पाहिलं तेव्हा सव्विसावं मिनिट चालू होतं. 'सी'समोर ठणठणीत रेघ. 'टी'समोर काहीतरी. काहीतरी म्हणजे, कुणी पेन्सिल टेकवावी, मग मन बदलावं आणि हळूच उचलून घ्यावी, तसं. सरळ पाहिलं की नाहीसं व्हायचं, मान तिरकी केली की हजर. पण वेळ टळून गेलेली. पट्टी वाळताना ओलाव्याची एक करडी खूण मागे राहू शकते आणि ती रेघेसारखी दिसते, म्हणून तर वेळेचं बंधन. म्हणजे माझ्या हाती निकाल होता की वाळवण, याचा पत्ता नाही.

दुसरी पट्टी काढली. या खेपेला फोन बंद करून टक लावून बसलो. पंधराव्या मिनिटाला परत तेच, फक्त आता त्यात गुलाबी झाक होती. किंवा मला तशी वाटली. बायकोला हाक मारली. ती दारातूनच, आठ फुटांवरून म्हणाली, "आहे." मी म्हटलं, अगं नीट जवळ येऊन बघ तरी. तोवर तिची उशी दुसऱ्या खोलीत पोचलेली. एरवी माझ्या हातातला फोन नाकासमोर धरला तरी तिला अक्षर लागत नाही.

(तिनं स्वतःची तपासणी मात्र पुस्तकी पद्धतीनं केली. लक्षणं नसतील तर ४८-४८ तासांच्या अंतरानं तीनदा तपासा, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२२ मध्ये सुचवलं होतं. भाच्यानं नवी किट्स दाराशी ठेवली, हिनं तीनदा तपासलं, तिन्ही वेळा एकच रेघ. सुबक. वादाला जागाच नाही. काही माणसांचं सगळंच असं स्वच्छ असतं.)

आता मुख्य प्रकरण, म्हणजे शेजारचे काका.

काका आले होते शिडी मागायला. मी जाळीच्या दाराआडूनच त्यांना थोपवलं. "काका, लांब राहा, मला बहुतेक कोविड आहे."

"बहुतेक?" काका म्हणाले.

चूक माझीच. काकांनी एकतीस वर्षं बँकेत चेकवरच्या सह्या जुळवल्या आहेत. त्यांच्यासमोर 'बहुतेक' म्हणणं म्हणजे किराणाच्या भांडणात उतरण्यापेक्षा वाईट. "मी आयुष्यात एकदाही 'बहुतेक जुळते' असं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "जुळते, नाहीतर जुळत नाही. काय ते दाखव इकडे."

दाराशेजारच्या खिडकीची काच बंद होती. मी आतून पट्टी काचेला लावली. काका घरी जाऊन भिंग घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी टेबलावरची ही एकच वस्तू त्यांनी घरी आणली होती म्हणे. मास्कही लावून आले होते. मास्क नाकाखाली, भिंग नाकावर.

"वर घे. अजून. उजेडाकडे. तिरकी नको करू, तिरकी केली की खोटी सहीसुद्धा खरी वाटते." बराच वेळ गेला. "नमुना सही कुठाय?"

"काय?"

"अरे, जुळवायची कशाशी? खातं उघडताना नमुना घेतलेला असतो ना?"

मी तो पलंगपोसाएवढा कागद आणला आणि त्यावरचं चित्र काचेला लावलं. चित्रात काय, दोन्ही रेघा पट्टीनं आखल्यासारख्या, काळ्याकुट्ट. असली रेघ जगात कुणाला येते ते मला अजून भेटायचंय असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

"हा बघ नमुना," काका म्हणाले. "हाताला जोर आहे. आणि ही तुझी. हात कापतोय. एकतर सही करणारा फार म्हातारा, नाहीतर दुसऱ्याची सही मारणारा. तो नेहमी हलक्या हातानं करतो."

"पण काका, कागदावर स्पष्ट लिहिलंय, वेळेत पाहिली तर कितीही फिक्कट रेघ ही रेघच धरायची."

"कुणी लिहिलंय?"

"कंपनीनं."

"म्हणजे खातेदारानं स्वतःच लिहून दिलं, माझी सही कशीही असली तरी चालवून घ्या. आणि मी चालवायची?"

माझा हात भरून आला होता. पण तापात माणसाला वाद घालायचा हुरूप येतो. मी त्यांना सगळी यंत्रणा समजावून सांगायला घेतली. पट्टीत प्रतिपिंडं असतात, त्यांना रंगीत कण चिकटवलेले असतात. नाकातल्या पाण्यात विषाणूचं ठरावीक प्रथिन असलं की ही प्रतिपिंडं त्याला धरतात, सगळे मिळून पट्टीवरून पुढे सरकतात आणि 'टी'पाशी अडवले जातात. अडवलेल्यांची गर्दी झाली की आपल्याला रेघ दिसते. थोडे असले की थोडीच दिसते. 'सी'ची रेघ विषाणू असो नसो, उमटतेच. द्रावण तिथवर पोचलं एवढंच ती सांगते. आणि रंगीत कण म्हणजे, काका, बऱ्याच पट्ट्यांत चक्क सोनं असतं. सोनं अतिसूक्ष्म केलं की लाल दिसतं. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडेनं असं लाल द्रावण केलं होतं.

भिंग थांबलं. "सोनं?"

"हो."

"किती?"

"एक कण म्हणजे, मिलिमीटरचे लाख भाग केले तर त्यातले साधारण चार."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तारण म्हणून चालणार नाही," ते म्हणाले आणि भिंग परत रेघेवर आणलं. मग एकदम काहीतरी आठवून, "पण कोविड संपला ना? टीव्हीवर सांगितलं होतं."

"जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपली असं सांगितलं होतं, काका. विषाणू संपला असं नाही."

"म्हणजे खातं चालू आहे. पासबुक भरणं बंद झालं."

मी गप्प बसलो. या विषयावर इतकं नेमकं मी कुठल्या तज्ज्ञाकडूनही ऐकलेलं नाही.

शेवटी काकांनी भिंग खिशात घातलं, दोन पावलं मागे गेले आणि शेरा दिला. "सही संशयास्पद. खातेदाराला समक्ष बोलवावं."

"समक्ष कोण येणार काका? विषाणू?"

"तो त्याचा प्रश्न," असं म्हणून ते गेले. शिडी राहिली. १०१ तापात मी पंचवीस मिनिटं हात वर करून काचेला चिकटून उभा होतो. या अवधीत पट्टीची तब्येत मिलिमीटरनं तपासली गेली. माझी कुणी विचारली नाही.

तीच गत घरच्या ग्रुपवर. फोटो टाकल्याबरोबर दोन तट पडले. एका चुलत भावानं फोटोचा रंग इतका भडक करून पाठवला की त्यात 'टी'समोरची रेघ दिसली, पट्टीच्या प्लास्टिकवर दिसली आणि मागच्या भिंतीवरही दिसली. एका आत्यानं मात्र फोन केला. मला जरा बरं वाटलं. ती म्हणाली, "अरे, तो फोटो जरा मोठा करून पाठव ना."

आणि साहेब! मी फिक्कट म्हटलं ते त्यांनी बरोबर पकडलं. "फिक्कट आहे म्हणता ना? म्हणजे सौम्यच असणार. मग घरून करा की थोडं." रेघेवरून आजाराचं माप निघत नाही हो. त्या काडीवर त्या क्षणी विषाणूचा माल किती आला, एवढंच ती सांगते, आणि तेही काडी कशी फिरवली त्यावर. आजाराची सुरुवात असली तरी फिक्कट, शेवट असला तरी फिक्कट, आणि मी शिंक आली म्हणून काडी लवकर काढली असेन तरी फिक्कट. पण नाही. अर्धी रेघ तर अर्धी रजा. तीन दिवस मी उशाशी लॅपटॉप घेऊन घामाघूम बसून रकाने भरले, आणि त्या तीन दिवसांची रजाही आता अडकलेली आहे, कारण रेघ स्पष्ट नाही. काम करून घेताना कोविड सौम्य होता आणि रजा देताना तो झालाच नव्हता.

खरं सांगायचं तर मीही काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हतो. सकाळी नऊला मला ती रेघ नको होती, म्हणून दिसत नव्हती. साहेबांचा फोन झाल्यावर ती हळूहळू दिसू लागली. बायकोनं उशी हलवल्यावर परत पुसट झाली.

पाचव्या दिवशी ताप गेला. आठव्या दिवशी भाच्यानं आणलेल्यातली पट्टी वापरली. एकच रेघ, स्वच्छ. भिंग लावायची सोय नाही. मी तिचा फोटोसुद्धा काढून ठेवला. आणि मग परवा तो मेल.

काल सकाळी बेल वाजली. जाळीच्या दारापलीकडे काका. मास्क या खेपेला नाकावर, डोळे लाल, आवाज बसलेला, आणि हातात पट्टी. त्यांनी ती स्वतः होऊन खिडकीच्या काचेला लावली. दोन रेघा. आणि रेघा म्हणजे काय, कागदावरचं चित्रच! दुसरी पहिल्यापेक्षा गडद.

"याला म्हणतात सही," काका खोकत म्हणाले.

मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी हेवा वाटला.

"काका, माझ्याकडून तर नाही ना लागला?"

"छे. तुझी कुठे जुळत होती?"

ताप किती, औषध घेतलं का, डॉक्टरांशी बोललात का, हे मी सगळं विचारलं. ते बऱ्यापैकी होते, मुलगी सुना जावई सगळे फोनवर होते, आणि रेघेवर तर ते बेहद्द खूश होते. मग मी जरा चाचरत म्हटलं, "काका, एक फोटो काढू का याचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांचा अनुभव. काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पट्टी काचेवर नीट सरळ केली, बोट रेघेवरून बाजूला घेतलं आणि म्हणाले, "उजेडाकडून घे."

दहा मिनिटांत ऑफिसचं उत्तर आलं. 'धन्यवाद. रेघ स्पष्ट दिसत आहे. रजा मंजूर. लवकर बरे व्हा.'

"झाली का पास?" काकांनी काचेपलीकडून विचारलं.

"झाली काका."

"होणारच," काका म्हणाले. "मी असतो तर परत पाठवली असती." आणि शिडी न घेताच गेले.