ड्रोनला कॅमेरा असतो, म्हणूनच

माझे मामा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के आणि एरवी कोणाच्या सांगण्यावर सहज विश्वास न ठेवणारे गृहस्थ आहेत. गेल्या रविवारी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘युक्रेन युद्धाचे लपवलेले सत्य’ हा मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘यात खोटे काय आहे ते दाखव.’ हाच मजकूर त्याआधी दोन ग्रुपवर माझ्यापर्यंत आला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचताच पुढे सरकले होते. मामांनीही तो खरा मानल्यावर मात्र गप्प बसवेना.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: अमेरिकेने युक्रेनला 350 अब्ज डॉलर रोख दिले आणि त्यातले 100 अब्ज गायब झाल्याचे युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्कींनीच कबूल केले, परकी मदत थांबली तर युद्ध आठ दिवसांत संपेल, जून 2025 मध्ये रशियाच्या हवाई तळांवर झालेला हल्ला प्रत्यक्षात अमेरिकेनेच केला, ड्रोनला कॅमेरा असल्यामुळे रशियाचे ड्रोन फक्त सैनिकच टिपतात आणि खेरसोनमधले नागरिकांचे मृत्यू हे नाटक आहे, आणि मदतीची शस्त्रे काळ्या बाजारात विकली जातात.

‘रोख’ या शब्दापाशी मामांनी तरी थबकायला हवे होते. जर्मनीतील कील इन्स्टिट्यूट या मदतीची देशवार नोंद ठेवते. तिच्या हिशेबानुसार 2024 अखेरपर्यंत अमेरिकेची सर्व प्रकारची मदत सुमारे 114 अब्ज युरो होती, तर युरोपची सुमारे 132 अब्ज. 350 अब्ज हा आकडा ट्रम्प यांच्या भाषणांतला आहे. लष्करी मदतीचा मोठा भाग म्हणजे अमेरिकी कोठारांतून काढून दिलेली शस्त्रे होती, आणि कोठारे पुन्हा भरण्यासाठीचा पैसा अमेरिकेतल्याच कारखान्यांत खर्च झाला. झेलेन्स्कींची ‘कबुली’ फेब्रुवारी 2025 मधल्या एका मुलाखतीतली आहे. लोक 177 अब्ज म्हणतात, आम्हाला मिळाले ते 75 अब्जांच्या आसपास आणि तेही बहुतांशी शस्त्रांच्या रूपात, असे ते म्हणाले होते. मंजूर झालेली रक्कम आणि हाती पडलेली वस्तू यांतल्या फरकाला अपहार म्हणायचे असेल, तर मंजूर होऊन पूर्ण न उचललेल्या प्रत्येक कर्जात मामांना अपहार दिसायला हवा होता.

आठ दिवसांच्या भाकिताची तर परीक्षाच होऊन गेली आहे. 3 मार्च 2025 रोजी अमेरिकेने लष्करी मदत थांबवली, लगोलग गुप्त माहितीही बंद केली, आणि सौदी अरेबियातल्या जेद्दाहमधल्या चर्चेनंतर 11 मार्चला दोन्ही पुन्हा सुरू झाले. बरोबर आठ दिवस झाले आणि युद्ध काही संपले नाही. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे अडवणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेला युक्रेनकडे पुरेसा पर्याय नाही, आणि त्याची क्षेपणास्त्रे अमेरिकेने हात आखडला तर दुसरीकडून सहज मिळत नाहीत. ड्रोनचे गणित वेगळे आहे. आघाडीवर वापरले जाणारे बहुसंख्य लहान ड्रोन युक्रेनमध्येच जोडले जातात, त्यांतले पुष्कळ सुटे भाग चीनमधून येतात, आणि रशियाचेही तसेच आहे. परकी मदतीवर एवढे लिहिणाऱ्याला इराणचे शाहेद ड्रोन आणि रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढलेले उत्तर कोरियाचे सैनिक कसे आठवले नाहीत, हे कोडेच आहे.

1 जून 2025 च्या हल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. युक्रेनच्या सुरक्षा सेवेने ट्रकवरच्या लाकडी खोक्यांत दडवून 117 ड्रोन रशियात नेले, दूरनियंत्रणाने छपरे उघडली आणि थेट सायबेरियातल्या बेलाया तळापर्यंतची बॉम्बफेकी विमाने जाळली. 41 विमानांना फटका बसला हा युक्रेनचा दावा अमेरिकी अधिकाऱ्यांनीच जवळजवळ निम्म्यावर आणला. स्वतः केलेल्या हल्ल्याचे श्रेय असे कोणी कापते का?

आता कॅमेऱ्याचा मुद्दा. याच्यासाठीच हे लिहायला बसले, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत आणि हा मेलेल्या माणसांना खोटे ठरवणारा आहे. खेरसोन हे द्नीप्रो नदीच्या उजव्या काठावरचे शहर नोव्हेंबर 2022 मध्ये युक्रेनने परत घेतले, तेव्हापासून रशियन सैन्य समोरच्या काठावर बसले आहे. तिथून उडवलेला लहान ड्रोन काही मिनिटांत शहरावर येतो. तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा असतो आणि सायकलवरची बाई, बसथांब्यावरचा म्हातारा, रुग्णवाहिकेवरची खूण हे सगळे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत असते. तोफगोळा भरकटला असे म्हणता येते, इथे ती सोय नाही. कॅमेरा आहे म्हणून चूक होत नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे मी शब्दशः मान्य करते. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष त्याला पेलणारा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने मे 2025 मध्ये नेमका हाच निष्कर्ष काढला. नदीकाठच्या शंभराहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात, खेरसोन शहर आणि आणखी 16 वस्त्यांमध्ये, जुलै 2024 पासून अशा हल्ल्यांत जवळपास 150 नागरिक ठार आणि शेकडो जखमी झाले होते. आयोगाने साक्षीदारांचे जबाब घेतले आणि हल्ल्यांच्या शेकडो चित्रफिती तपासल्या. त्या ड्रोनच्याच कॅमेऱ्यांतून टिपलेल्या होत्या आणि टेलिग्रामवरच्या रशियन वाहिन्यांनी, शहर सोडून जाण्याच्या धमक्यांसह, अभिमानाने प्रसारित केल्या होत्या. रुग्णवाहिकांवर हल्ले झाल्यामुळे काही जखमी वेळेत रुग्णालयात पोहोचू शकले नाहीत आणि दगावले. हे हल्ले हेतुपुरस्सर आणि समन्वयाने केलेले असून ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरतात, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. नाटक असेल तर त्याचे चित्रीकरण मारणाऱ्यांनी का केले, याचे उत्तर त्या मजकुरात नाही. रशियाच्या ताब्यातल्या भागात युक्रेनी ड्रोननेही नागरिक मेले आहेत, हे संयुक्त राष्ट्रांच्याच निरीक्षकांनी नोंदवले आहे आणि ते दडवण्याचे मला कारण नाही. पण मजकुराचा दावा रशियाच्या ड्रोनविषयी आहे.

खेरसोनच्या रस्त्यांवर आता खांब रोवून वरून जाळी ताणली आहेत, आणि त्यांतली काही फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनी दिलेली, समुद्रात वापरून झालेली जाळी आहेत. ड्रोनचे पाते त्यात अडकावे आणि खालून पाव घेऊन जाणारा माणूस घरी पोहोचावा, एवढाच त्यांचा उपयोग. परकी मदत अशीही असते.

राहता राहिला काळा बाजार. अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी 2024 मध्ये सांगितले की, विशेष नोंद ठेवण्याजोग्या शस्त्रांपैकी सुमारे 1 अब्ज डॉलरच्या शस्त्रांची नोंद वेळेवर झालेली नव्हती. नोंद राहून जाणे म्हणजे शस्त्र विकले जाणे नव्हे, आणि शस्त्रे इतरत्र वळवली गेली का हे तपासणे त्या अहवालाच्या कक्षेत नव्हते. तरीही युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयात भ्रष्टाचार झाला, हे खरेच आहे. सुमारे 4 कोटी डॉलर देऊन मागवलेले 1 लाख तोफगोळे कधी आलेच नाहीत, आणि ते प्रकरण जानेवारी 2024 मध्ये युक्रेनच्याच सुरक्षा सेवेने उघड केले. एवढा एकच मुद्दा मामांनी पुढे पाठवला तर माझी हरकत नाही, फक्त ती खरेदी युक्रेनच्या मंत्रालयाने केली होती आणि चोरीही युक्रेननेच पकडली, हे त्यात जोडून पाठवावे.