'एक अभियंता' यांना उत्तर: ऑइलबद्दल, आणि थोडं 'काकू'बद्दल

नमस्कार,

इंजिन ऑइलवरच्या माझ्या लेखाखाली 'एक अभियंता' या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, मग म्हटलं मधे एक रात्र जाऊ दे. दोन रात्री गेल्या, राग काही गेला नाही. तेव्हा लिहितेच.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की शहरात थोडी थोडी चालणाऱ्या पेट्रोल गाडीचं ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदलावं. यांचं म्हणणं असं: कंपनीच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष दिलंय, तेच धरावं. आजची सिंथेटिक ऑइलं आणि आजचं पेट्रोल पूर्वीसारखं नाही. काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल ही अंधश्रद्धा. अर्ध्या वयातलं ऑइल काढून टाकणं ही पैशाची आणि पर्यावरणाची नासाडी. आणि माझ्याकडे एकाही नमुन्याचा लॅब रिपोर्ट नाही. इथवर ठीक होतं. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देते: "काकू, मॅन्युअल वाचायचं असतं, गॅरेजच्या बाकड्यावर बसून विज्ञान कळत नसतं."

आधी 'काकू'. मी ५३ वर्षांची आहे. सोसायटीतली पोरं मला काकूच म्हणतात, भाजीवाला काकू म्हणतो, मागे एका रिक्षावाल्याने आजी म्हटलं तेव्हाही मी निमूट बसले. शब्दाबद्दल तक्रार नाही. पण गाड्यांवर लिहिणाऱ्या पुरुषांच्या लेखाखाली 'काका, मॅन्युअल वाचायचं असतं' असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. तिथे 'सर, एक शंका होती' असं असतं. माझ्या वाट्याला शंका येत नाही, थेट शिकवणी येते.

आता बाकडं. तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते बाकडं खरंच होतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, त्याच्या दारात. एक पाय मोडलेला, त्याच्याखाली जुना पिस्टन सरकवलेला. शाळा सुटली की मी तिथे बसून गृहपाठ करायची. समोर फियाट, ॲम्बॅसेडर, एखादी जीप, नाहीतर ट्रॅक्टर. बाबा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा घालून काढायचे आणि टोकाचा थेंब अंगठा नि बोटात चोळायचे. कचकच लागली की पहिल्यांदा एअर फिल्टर उघडायचे. मग डिपस्टिक नाकाशी न्यायचे. पेट्रोलचा वास आला की गाडीवाल्याला विचारायचे, "चोक वढून ठेवताय काय ओ?" तो बहुतेक वेळा ओशाळून हसायचा. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवायला ओढायची खुंटी; तो ओढलेला राहिला की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं आणि ऑइल पातळ करतं, हे मला सातवीत माहीत होतं. तुमच्या लॅब रिपोर्टात सिलिकॉनचा आकडा वाढलेला दिसला की धूळ आत शिरतेय असं म्हणतात ना? बाबांना तेच बोटाला कळायचं. आकड्यात नाही सांगता यायचं, हे खरं.

आणि चोक गेला म्हणून तो प्रश्न गेला असं समजू नका. इंजेक्शनची गाडीसुद्धा थंड इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देते. फक्त आता कुणी ओशाळत नाही, कारण ओढायला काही उरलेलं नाही.

त्याच बाकड्यावर मी आणखी एक गोष्ट शिकले, आणि माझा अख्खा लेख तिच्यावरच उभा होता. तुम्ही तिला हातही लावलेला नाही. ट्रॅक्टरवाला सर्व्हिसिंगला आला की बाबा किलोमीटर विचारायचे नाहीत, तास विचारायचे. ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो. कित्येक ट्रॅक्टरांना २५० तासांनी ऑइल बदलायला सांगतात. शेतात उभ्या उभ्या पाण्याचा पंप ओढणारं इंजिन एक फूटही हलत नाही, पण ऑइलचं वय वाढतच असतं. आता गाडीचं गणित करा. हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे साधारण १६७ तास. पुण्यात सरासरी १५ च्या वेगाने, म्हणजे सिग्नल धरून, तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ६६७ तास. मीटरवर आकडा एकच, इंजिन चौपट चाललेलं. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्याच्यावर भार वेगळा, तुलना ओढूनताणून केलीय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मग किलोमीटर हे माप सगळ्यांना सारखं कसं, ते तरी सांगा.

"मॅन्युअल वाचायचं असतं." वाचलंय हो. माझ्या गाडीच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा आहेत. तुम्ही म्हणता तो तक्ता मलाही दिसला, १०,००० किंवा १२ महिने. पण त्याच्यापुढे बारीक अक्षरात आणखी एक तक्ता आहे, खडतर वापराचा. पुन्हा पुन्हा कमी अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं, असा वापर असेल तर ऑइलचं अंतर निम्मं करा, असं त्यात लिहिलंय. म्हणजे ५,००० आणि सहा महिने. हा आकडा मी बाकड्यावरून आणला नाही, तुमच्याच इंजिनियर मंडळींनी छापलाय. तुम्ही पान उलटलं नाहीत, आणि वाचायचं मला शिकवताय.

आता खडतर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लडाख येतं. माझं लडाख वारज्याहून कर्वेनगरला आहे, अडीच किलोमीटरवर. सकाळी शाळेत जायचं, दुपारी परत यायचं. या अंतरात टेंपरेचरचा काटा जेमतेम मधे येतो, आणि तो काटाही कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. त्याने काय होतं? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, दुसरं काही नाही. थंड गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब गळतात ते हेच. बहुतेक वाफ तिकडून बाहेर जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये शिरते. इंजिन नीट तापलं की ती ऑइलमधून उडून जाते. अडीच किलोमीटरवर उडत नाही, तिथेच पाणी होऊन बसते. पावसाळ्यात अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला मलईसारखा पिवळट थर असतो. तोच पाहून एकीने मला घाबरून फोन केला होता, हेड गॅस्केट (कूलंटला ऑइलमध्ये शिरू न देणारं पॅकिंग) गेलं म्हणून. गॅस्केट ठणठणीत होतं, गाडी फक्त भाजी आणण्यापुरती बाहेर निघत होती.

हे पाणी आणि जळणातून येणारी आम्लं यांच्याशी लढायला ऑइलमध्ये क्षार घातलेले असतात, आणि ते वापरून संपतात. चांगल्या ऑइलमध्ये ते जास्त असतात, मान्य. पण संपतात ते गाडी कशी चालते त्यावर, डब्यावर सिंथेटिक लिहिलंय की नाही एवढ्यावर नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई वर्षातून चार वेळा कोल्हापूरला जाते, तेव्हा हायवेवर सगळं पाणी उडत असणार. उडतं. जाताना २३० आणि येताना २३० किलोमीटर गाडी मस्त तापते, आणि आल्यावर झाकण स्वच्छ दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे माझ्या गाडीला सहाऐवजी आठ महिने चालले असते का? कदाचित. पण मी लेख माझ्या गाडीसाठी लिहिला नव्हता, जिला कोल्हापूर नाही तिच्यासाठी लिहिला होता.

पुरावा हवा म्हणता ना? आमच्याच सोसायटीतली एक गाडी घ्या, कंपनीचं नाव सांगत नाही. मालक सज्जन गृहस्थ, गाडी काचेसारखी पुसलेली. ऑफिस तीन किलोमीटरवर. मीटरवर १०,००० व्हायचे होते म्हणून थांबले होते. ऑइलचा लाल दिवा लागला तेव्हाही, सेन्सर गेला असेल म्हणून आठवडाभर चालवली. मेकॅनिकने चेंबर उतरवला तेव्हा मी तिथे होते. आत ऑइल नव्हतं, काकवी होती. गुऱ्हाळावर कढईच्या कडेला चिकटून राहते तशी. पंपाची जाळी तिने बुजलेली, वर ऑइल चढणारच कुठून? बिल ६५,००० रुपये. ते ऑइल दोन वर्षं बदललेलं नव्हतं, म्हणजे तुमच्या एका वर्षाच्या दुप्पट, हे माझ्याही लक्षात येतंय. त्यांनी तुमचं ऐकलं असतं तरी इंजिन वाचलं असतं. पण त्यांनी तुमचं अर्धंच ऐकलं ना! '१०,०००' सगळ्यांना पाठ असतं, 'किंवा एक वर्ष' हे कुणाच्या लक्षात राहत नाही. सहा महिने सांगितले की लोक वर्षाने तरी येतात. हे विज्ञान नाही, अनुभव आहे. तुम्हाला चालणार नाही, माहितीय.

काळ्या ऑइलबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. लेखात "काळं दिसलं की बदलून टाका" असं एक वाक्य गेलं होतं. ते चूक होतं, काल काढलं. ऑइलमधली साफ करणारी द्रव्यं काजळी धरून ठेवतात म्हणूनच ते काळं होतं. डिझेल गाडीत तर नवीन ऑइल काही दिवसांतच काळं दिसतं, आणि दिसलंच पाहिजे. उलट डिझेल गाडीत महिनोन्महिने मधासारखं दिसणारं ऑइल नक्की काम करतंय का, अशी शंका घ्यायला हवी. बाबाही रंगावर कधी जायचे नाहीत. ते वाक्य माझ्या हातून कसं गेलं, मलाच कळत नाही. पण एका वाक्यावरून 'अंधश्रद्धा' हा शब्द? असो.

पेट्रोल सुधारलं, हेही खरं. शिसं २००० साली गेलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या (प्रदूषणाच्या सरकारी निकषाच्या) पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त १० भाग आहे, त्यामुळे आम्लं कमी होतात. बाबा फियाटला ३,००० किलोमीटर सांगायचे, मी ५,००० सांगते. म्हणजे आमच्या घराण्यातही प्रगती झालीय, थोडी धिमी असेल.

लॅब रिपोर्ट नाही. करून घेईन कधीतरी.

पर्यावरणाचं म्हणाल, तर बाबांच्या गॅरेजमधलं जळकं ऑइल सेंट्रिंगवाले डबे भरभरून न्यायचे, फळ्यांना फासायला. ते बरोबर नव्हतं, आणि आजही कित्येक ठिकाणी तेच चालतं. पण त्याचा दोष सहा महिन्यांनी तीन लिटर ऑइल बदलणाऱ्या बाईच्या माथी मारू नका. तो मोठा विषय आहे, इथे नको. पैशाचं म्हणाल तर माझ्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर मिळून दोन हजारांच्या आत होतं. वरचं बिल पुन्हा वाचा.

वॉरंटीतल्या गाडीवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं: पुस्तकातली सर्व्हिस चुकवू नका आणि ऑइलची ग्रेडही (ऑइल किती पातळ किंवा घट्ट ते सांगणारा आकडा) पुस्तकातलीच घाला. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या गाडीत कुणी म्हणतंय म्हणून २०डब्ल्यू-५० ओतायचं नाही. मधे एकदा जास्तीचं ऑइल बदललं तर त्याची पावतीही जपून ठेवा.

आणि अभियंता साहेब (बघा, मी साहेब म्हटलं), एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत तुमची गाडी कोणती आणि ती रोज किती चालते, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही रोज तळेगावहून पुण्याला ये-जा करत असाल, तर तुमचे १०,००० तुम्हाला बरोबरच आहेत, माझं काही म्हणणं नाही. डीपीएफवालं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेलं) डिझेल असेल तर आज गाडी सपाट जागी लावा, दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर ऑइल वाढलेलं नाही, त्यात डिझेल उतरलंय. डीपीएफ साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं त्यातलं. तसं असेल तर वर्षाची वाट बघू नका. काय दिसलं ते इथेच खाली लिहा, 'काकू' म्हणून लिहिलंत तरी चालेल.