लस कागदावर देता येत नाही

रविवारी सकाळी आईने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "लोकांना खरंच असं वाटतं का गं?"

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सरकारी जावयांची सहा सत्यं’ नावाचा मेसेज आला होता. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण, खाली ‘प्रत्येक करदात्यापर्यंत पोचवा’. पाठवणारा माझा मामा. आई 1984 ते 2016 अशी 32 वर्षं आरोग्य सेविका होती आणि त्यातली बरीचशी तिने कोयनेच्या पाण्याकाठच्या वाड्यांवर काढली. मामाला हे पुरतं ठाऊक आहे. "त्याने न वाचताच पाठवलं असेल," आई म्हणाली. न वाचता पाठवलं म्हणून ते कमी लागतं का? हाच मेसेज दोन दिवसांत मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून शेवटी लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, सरकारी कर्मचाऱ्यांना आठवड्यात दोन दिवस सुट्टी. दोन, नोकरी संपली की जन्मभर आयती पेन्शन. तीन, निवडणूक ड्युटी म्हणजे भत्त्यासकट सहल. चार, संकट आलं की लष्कर धावतं, हे कुठे दिसत नाहीत. पाच, लसीकरण फक्त कागदावर होतं. सहा, लाच दिल्याशिवाय फाइल हलत नाही, तेव्हा निम्मे घरी पाठवले तरी काही अडणार नाही.

पाचवा मुद्दा आधी घेते. त्यातलं पूर्ण वाक्य असं आहे: ‘नर्सबाया घरी बसून रजिस्टर भरतात, शहाण्या माणसाने सरकारी लसीच्या नादी लागू नये.’ बाकीच्या मुद्द्यांनी माणसांचा अपमान होतो. हे वाक्य वाचून एखाद्या आईने बाळाची लस टाळली, तर त्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

लसीकरणाच्या दिवशी काय चालतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. आदल्या संध्याकाळी ड्यू लिस्ट तयार व्हायची: कुठल्या वाडीत कुणाच्या बाळाला दीड महिना झाला, कुणाचा ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डोस राहिला, कोण बाळंतपणाला माहेरी आली आहे. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमधून लस मोजून घ्यायची. ती 2 ते 8 अंशांतच राहायला हवी, आणि त्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवावं लागतं. आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसेच कॅरियरमध्ये भरायचे नाहीत. त्यांना घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं. घाई केली तर ट्रिपलसारखी लस गोठते, आणि गोठलेली लस टोचून उपयोग शून्य. पोलिओच्या कुपीवर गोल असतो, गोलात चौकोन. चौकोनाचा रंग बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी बाद. आई घरात उन्हाळ्यात दुधाचं भांडंही त्याच नजरेने बघायची.

मग कॅरियर खांद्याला लावून शिवसागर जलाशयाच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, काठावर, तिथून लाँच, लाँचमधून उतरून चढण. बायका कामावर निघायच्या आत वाडीत पोचलं तर मुलं सापडणार, नाहीतर रानात जाऊन हाका मारायच्या. टोचून झालं की काम संपत नाही. कुठली लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढचा डोस कधी, कार्ड जपून ठेव, हे प्रत्येक आईला सांगायचं आणि अर्धा तास बाळाला तिथेच बसवून ठेवायचं. उरलेली लस त्याच दिवशी परत. शेवटची लाँच चुकली की अंगणवाडी सेविकेकडे मुक्काम, आणि रात्रभर लसीची काळजी. डोंगरी भागातल्या उपकेंद्राला निकषाप्रमाणे 3,000 लोकसंख्या असते. ऐकायला आकडा लहान वाटतो. ती 3,000 माणसं किती वाड्यांत आणि किती धनगरवाड्यांत विखुरलेली आहेत, ते चालल्याशिवाय कळत नाही.

आणि हो, रजिस्टर आई घरीच भरायची. रात्री साडेनऊनंतर, आम्हाला जेवायला वाढून, मागचं आवरून झाल्यावर. मी शेजारी बसून कच्च्या वहीतली नावं वाचून दाखवायचे आणि ती पक्क्या रजिस्टरात उतरवायची. मेसेज लिहिणाऱ्याला ‘घरी बसून’ एवढंच दिसलं असेल तर त्याने दिवसाचे आधीचे चौदा तासही पाहावेत.

आता हे ‘कागदावर’ असतं तर काय झालं असतं, याचा रोकडा पुरावा आहे. 2009 साली भारतात पोलिओचे 741 रुग्ण सापडले, जगात सर्वाधिक. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये एक, पश्चिम बंगालच्या हावड्यातली एक लहान मुलगी, 13 जानेवारीची. त्यानंतर त्या नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण नाही. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह अख्खा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. हा शिक्का आपल्या सरकारने स्वतःच्या हाताने मारलेला नाही. स्वतंत्र आयोगाने तीन वर्षं विषाणू नसल्याचे पुरावे मागितले. 15 वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की 14 दिवसांच्या आत, 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे, हा नियम होता आणि आजही आहे. मुंबईत तर गटाराचं पाणीही तपासलं जातं. रजिस्टरात खोट्या सह्या करून माणसांना फसवता येईल. विषाणू रजिस्टर वाचत नाही. ज्या घरातलं मूल सुटतं तिथे तो शिरतो, आणि 741 चे शून्य व्हायला सुटलेली मुलं शोधून काढावीच लागली. बूथच्या रविवारनंतर घरोघर फिरणं, डाव्या करंगळीवरची शाई बघणं, दारावर खडूने ‘पी’ (सगळ्या मुलांना डोस मिळाला) किंवा ‘एक्स’ (कुणीतरी सुटलं) लिहिणं आणि ‘एक्स’ असलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जाणं, हे सगळं कुणीतरी पायाने केलं. त्यात सेविका होत्या, आरोग्य सेवक होते, शिक्षक होते. आशा आणि अंगणवाडी सेविका तर होत्याच, ज्यांना आजही सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. एकीला कामागणिक मोबदला मिळतो आणि दुसरीला मानधन.

मेसेजमध्ये यवतमाळचा उल्लेख आहे, तो मी टाळणार नाही. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी 12 मुलांना सॅनिटायझर पाजलं गेलं. हे घडलं, भयंकर होतं, मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि संबंधितांवर कारवाई झाली. आईने त्या दिवशी टीव्ही बंद केला होता, एवढी ती हादरली होती. पण त्या 12 मुलांवरून ‘लस घेऊ नका’ असा निष्कर्ष काढणारा माणूस मुलांची काळजी करत नाही. तो फक्त राग विकतो.

सुट्टीचा मुद्दा. पाच दिवसांचा आठवडा महाराष्ट्रात 29 फेब्रुवारी 2020 पासून आला हे खरं. त्याच निर्णयात रोजची वेळ 45 मिनिटांनी वाढवून पावणेदहा ते सव्वासहा केली, हे मेसेजमध्ये नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला 288 दिवस रोज सव्वासात तास, म्हणजे 2,088 तास होत. नव्या पद्धतीत 264 दिवस रोज आठ तास, म्हणजे 2,112. वर्षाचे 24 तास वाढले. शिवाय रुग्णालयं, पोलीस, अग्निशमन, तुरुंग, शाळा या पाच दिवसांच्या आठवड्यातून वगळलेल्याच आहेत. सव्वासहापर्यंत सगळे खुर्चीवर असतात का? नसतात. त्याचा मलाही राग येतो.

पेन्शनचा मुद्दा तर वीस वर्षं शिळा. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि पगारातून कापून बाजाराशी जोडलेली योजना आली. मार्च 2023 चा सात दिवसांचा संप कशासाठी होता, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं? आईला जुनी पेन्शन आहे. तिच्या जागी आलेल्या मुलीला ती लागू नव्हती.

निवडणुकीची ‘सहल’. माझी मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला रांग, यंत्रांचे नंबर जुळवणं, मग ट्रकने किंवा बसने केंद्रावर. शाळेच्या फरशीवर झोप. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, निदान 50 मतं टाकून मोजणी, ती पुसून पुन्हा सील. सात ते सहा मतदान. मग झालेल्या मतांच्या हिशेबाचा 17-सी नमुना भरायचा, यंत्रं जमा करायची. सही मिळेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि एका आकड्याची चूक झाली तर निलंबन. नंदुरबारात नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावी पथकं बोटीने जातात. 2024 च्या लोकसभेला देशभरात साडेदहा लाख मतदान केंद्रं होती आणि दीड कोटी माणसं, म्हणजे मतदान कर्मचारी आणि सुरक्षा दल मिळून, कामाला होती. त्याच निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात, 1 जून रोजी, उत्तर प्रदेशात उष्णतेने 33 मतदान कर्मचारी दगावल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यात होमगार्ड होते, सफाई कर्मचारी होते. त्यांच्या घरी जाऊन सहल हा शब्द कुणी उच्चारून दाखवावा.

संकटात हे दिसत नाहीत, म्हणे. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरड कोसळून डोंगराखाली गेलं. जागेवर गाव नाही ही पहिली बातमी बाहेर आणली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाने. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने आपल्या वॉर्डातल्या 20 गरोदर बायांना पॅन्ट्रीत हलवून दार लावून घेतलं. पुढे कसाबला ओळखण्याची साक्षही दिली. कामा सरकारी रुग्णालय आहे. आणि लष्कराचा पगार तरी कुठून येतो? त्याच तिजोरीतून.

राहिला सहावा. लाचेबद्दल मी कुणाचीही वकिली करणार नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायला एका कार्यालयात मी सात महिने खेटे घातले, आणि तिथल्या एका माणसाला काय हवं होतं ते त्याने डोळ्यांनी सांगितलं. त्या माणसाने आईच्या 32 वर्षांवर चिखल उडवला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण त्याच्यासाठी मार्ग आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांहून जास्त ठेवता येत नाही, असं कलम आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण उशीर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी यातलं एकही वापरलं? तक्रार नाव, टेबल आणि तारीख घालून करता येते. सगळ्यांना जावई म्हटलं की तो एक माणूस गर्दीत सुरक्षित लपतो.

आणि ‘निम्मे घरी पाठवा’. अनेक ठिकाणी ते आधीच झालेलं आहे. 2022 मध्ये सरकारनेच 75,000 पदं भरायची घोषणा केली, ती रिकामी होती म्हणूनच ना? एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जे, म्हणजे दोन-तीन तलाठ्यांची गावं, असतात. अतिवृष्टी झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांनी मिळून बांधाबांधावर जाऊन पंचनामे करायचे. पंचनामा उशिरा झाला की शेतकरी तलाठ्याला शिव्या देतो, आणि त्याचं नुकसान खरं असतं म्हणून त्या शिव्याही मला चुकीच्या वाटत नाहीत. पण त्या सज्ज्याचा दुसरा तलाठी कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

मी हे सगळं मामाला ग्रुपवरच पाठवणार होते. सोबत त्याच्या मोठ्या मुलाच्या लसीकरण कार्डाचा फोटो टाकणार होते, ज्यावर प्रत्येक तारखेपुढे आईची सही आहे. आईने नको म्हटलं. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि मामाच्या त्या मेसेजखाली एका बोटाने, बराच वेळ लावून, स्वतःच टाइप केलं: "नातीला सोळा महिने झाले ना रे? गोवर-रुबेलाचा दुसरा डोस घेतला का?"