प्लेऑफचं दार आणखी उघडू नका

गेले चार दिवस आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हायस्कूल फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित सीझननंतरच्या बाद फेरीत, सध्या प्रत्येक विभागातून १२ संघ घेतात, ते पूर्वीसारखे १६ करा म्हणून. एका वडिलांनी तर लिहिलं, शेजारच्या इंडियानासारखं सगळ्यांनाच घ्या, कुणाचंच मन मोडायला नको. मी तिथे फक्त 'मला हे पटत नाही' एवढंच लिहिलं. त्यावर इतके प्रश्न आले की म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. इथे मराठीत लिहितोय, कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. शिवाय तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आता इकडे याच वयाची झाली आहेत.

गावाकडच्या मित्रांनो, हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबुळका चेंडू, आणि समोरून येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडायचं. पण मी कोल्हापूरचा, त्यामुळे इथलं वेड समजायला मला वेळ लागला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठांमध्ये काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून बघितलंय. ओहायोत शुक्रवारी रात्री तेच असतं. आजी-आजोबा घोंगड्या पांघरून बाकांवर बसतात, शाळेचा बँड वाजतो, आणि गावातली अर्धी दुकानं साडेसहालाच बंद.

सगळ्यात गाजलेली चुरस मॅसिलन आणि कॅन्टन मॅकिन्लीची. या दोन गावांमध्ये मोजकेच मैल अंतर, आणि खेळतायत १८९४ पासून. मॅसिलनमध्ये मुलगा जन्मला की दवाखान्यातच त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायचे. पुढे एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) मोठं नाव कमावलेले पॉल ब्राऊन आधी याच शाळेचे कोच होते, स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. माझं म्हणणं कळायला मॅसिलनचीच गोष्ट उपयोगी पडेल.

ओहायोत प्लेऑफ सुरू झाली १९७२ मध्ये. तीन गट, प्रत्येकात चार संघ, म्हणजे सगळ्या राज्यातून फक्त १२ शाळा. त्याआधी विजेता ठरायचा तो पत्रकारांच्या मतदानाने, आणि त्यात मॅसिलन कितीतरी वेळा पहिलं आलं होतं. पण मैदानात खेळून मिळवायचं विजेतेपद? त्यासाठी या शाळेला २०२३ साल उजाडावं लागलं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं अंतिम सामना हरून झाल्यावर कॅन्टनमध्ये अक्रनच्या होबन शाळेला ७-२ असं हरवलं. ५१ वर्षं! मी तेव्हा टीव्हीवर बघत होतो. सामना संपल्यावर सत्तरीतली माणसं उभ्या उभ्या रडत होती. ते रडणं त्या ५१ वर्षांचं होतं.

आता संघ कसे वाढत गेले ते बघा. १९९९ मध्ये प्रत्येक विभागातून आठ संघ झाले. २०१३ मध्ये सात डिव्हिजन (शाळेच्या आकारानुसार पाडलेले गट) झाल्या, प्रत्येकीचे चार विभाग, म्हणजे २२४ शाळा. इथपर्यंत ठीक होतं. २०२० मध्ये कोविडमुळे सीझन छोटा झाला म्हणून सगळ्यांनाच प्रवेश दिला, त्या वर्षी तेच योग्य होतं. पण २०२१ पासून विभागातून १६ संघ घ्यायला लागले, म्हणजे एकदम ४४८ शाळा. सगळ्यात मोठ्या डिव्हिजनमध्ये एका विभागात शाळाच साधारण १८. त्यातल्या १६ आत. ज्या स्पर्धेतून दोघेच बाहेर राहतात तिला निवड कसं म्हणायचं?

मुलांनाही हे कळतं. इथे हार्बिन पॉइंट्स नावाची जुनी पद्धत आहे. तुम्ही जिंकलात की तुम्हाला गुण, आणि तुम्ही ज्याला हरवलंत तो सीझनभरात जितके सामने जिंकेल त्याचेही गुण तुम्हाला. मला ही पद्धत मनापासून आवडते. एकदा का एखाद्या संघाला हरवलं की पुढचे आठ आठवडे तुम्ही त्याच्याच विजयासाठी देव पाण्यात ठेवता. माझा मुलगा नववीत असताना शनिवारी सकाळी दात घासायच्या आधी फोन काढून दुसऱ्यांचे निकाल बघायचा आणि वहीत बेरजा मांडायचा. सोळा संघ झाल्यावर त्याची ती वही बंद पडली. मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, आपण जाणारच आहोत. मग कशाला?"

आणि गेले. तो अकरावीत असताना संघाने दहापैकी तीन सामने जिंकले होते, तरी चौदाव्या क्रमांकाने आत. तिसऱ्या क्रमांकाच्या शाळेत जाऊन खेळायचं होतं, बसने दोन तास. आम्ही पालक गाड्या घेऊन मागोमाग गेलो. बायकोने थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठं घेतली होती. पहिल्या क्वार्टरमध्येच २१-०. अर्ध्या वेळेला ४२-०. दुसऱ्या अर्ध्यात ३० गुणांचा फरक असला की इथे घड्याळ थांबवत नाहीत, सामना लवकर उरकावा म्हणून. ते न थांबणारं घड्याळ बघत बसणं आई-बापांना किती जड जातं ते मी सांगू शकत नाही. आपलं पोर मैदानात आहे, आणि मैदानातले सगळे मोठे लोक वेळ कधी संपते याची वाट बघतायत.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या दोन खेळाडूंना लागलं म्हणून दहावीतल्या एका मुलाला आत घातलं. हडकुळं पोर, त्या सीझनमध्ये मुख्य संघातून फारसं खेळलेलंच नव्हतं. समोर अठरा वर्षांचा, त्याच्या दीडपट वजनाचा मुलगा. तिसऱ्याच खेळीत त्याचा गुडघा गेला. त्याची आई माझ्या दोन ओळी पुढे बसली होती. ती पायऱ्या उतरून धावली नाही, हळूहळू चालत गेली, कठड्याला धरून. सामना ४९-० ने संपला. परतीच्या वाटेवर मुलगा माझ्या गाडीत बसला होता, घरापर्यंत त्याने एकदाच तोंड उघडलं: "तो उद्या बास्केटबॉलच्या निवडीला जाणार होता."

यात त्या कोचची चूक नव्हती, समोरच्या शाळेचीही नाही. त्यांनी दुसऱ्या अर्ध्यात आपली राखीव मुलं खेळवली. चूक आहे ती हा सामनाच लावला याची.

कुणी म्हणेल, खेळ म्हटला की इजा होणारच. होणार. मी मुलाला या खेळात घातलं तेव्हा ते कबूल करूनच घातलं. पण किती सामने, याचा हिशेब करा. नियमित सीझनचे १०, आणि विभागातून सोळा संघ असले तर विजेतेपदापर्यंत प्लेऑफचे सहा. एकूण १६. कॉलेजच्या संघांचा नियमित सीझन १२ सामन्यांचा असतो, कोट्यवधी घेणाऱ्या एनएफएलवाल्यांचा १७ चा. आपली मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत, आणि सोमवारी त्यांचा गणिताचा पेपर असतो.

२०२५ पासून विभागातून १२ संघ केले आणि पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत सुट्टी दिली, ते मला फार बरं वाटलं. त्यामुळे दहाव्या आठवड्याला परत जीव आला. चौथे आलात तर एक आठवडा विश्रांती, पाचवे आलात तर लगेच मैदानात. बारावे आणि तेरावे यांच्यातही आता भिंत आहे. मला विचाराल तर मी आठवरच परत गेलो असतो, पण बाराला माझं भांडण नाही.

ग्रुपवर एका आईने लिहिलेलं मात्र माझ्या मनातून जात नाही. तिचा मुलगा बारावीत आहे. ती म्हणते, "यातल्या बहुतेक मुलांना कॉलेजमध्ये हा खेळ खेळायला मिळणार नाही. मला आणखी एक शुक्रवार हवा आहे, स्कोअर काय का असेना." हे मी बघितलंय. त्या ४९-० च्या रात्री बारावीची मुलं हेल्मेट काढून बराच वेळ मैदानातच गुडघ्यावर बसून राहिली होती, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. दिवे बंद करायला आलेला माणूसही थांबला. त्या आईला मी 'तुमचं चुकतंय' असं कधीच म्हणणार नाही.

पण तिला जे हवं आहे ते प्लेऑफ वाढवून मिळत नाही. तिला हवाय शुक्रवार, आणि मिळतो पहिल्या क्रमांकाच्या संघासमोर झालेला चुराडा. शुक्रवार द्यायचा दुसरा रस्ता आहे, आणि तो या राज्याने एकदा वापरलेलाही आहे. २०२० मध्ये प्लेऑफमधून बाहेर पडलेल्या शाळांना आपापसात आणखी सामने खेळायची मुभा होती. तेच दरवर्षी करा. जे संघ आत गेले नाहीत त्यांच्यातल्या ज्यांना इच्छा आहे त्यांनी अकराव्या आठवड्यात आपल्या तोडीच्या शाळेशी एक सामना खेळावा. घरच्या मैदानावर, बँडसकट, बारावीच्या मुलांना आई-बापांबरोबर मैदानात बोलावून. गुण नाहीत, पुढची फेरी नाही. तीन सामने जिंकलेला संघ चार जिंकलेल्याशी खेळेल तेव्हा कदाचित २४-२१ होईल, आणि ते पोरं जन्मभर सांगतील. तिकिटांचे पैसेही त्याच शाळांना राहतील. पैशाचा विषय ग्रुपवर कुणी काढत नाही, पण एवढे जास्तीचे सामने म्हणजे एवढी जास्तीची तिकिटं, हेही त्या सोळाच्या आकड्यामागे आहेच.

इंडियानाचं उदाहरण देणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे १९८५ पासून सगळ्यांना प्रवेश आहे आणि त्यांची सगळी रचना त्यावरच उभी आहे. आपल्याकडची हार्बिनची पद्धत दहा आठवड्यांच्या कमाईवर चालते. दोन्ही एकत्र नांदणार नाहीत.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे, खेळत नाही. मुलगी बँडमध्ये ट्रंपेट वाजवते, त्यामुळे शुक्रवार अजून आमच्या घरात आहे. गुडघा गेलेला तो मुलगा पुढच्या वर्षी परत आला, बाराव्या इयत्तेपर्यंत टिकला, आणि त्याचं मला फार कौतुक आहे. अकराव्या आठवड्याच्या सामन्याची कल्पना मी आमच्या शाळेच्या ॲथलेटिक डिरेक्टरना काल मेलवर पाठवली. ओहायोत राहणाऱ्या ज्यांना पटेल त्यांनी आपापल्या शाळेत पाठवा, मसुदा हवा असेल तर मला मेसेंजरवर मागा. आणि त्या आईला मी वेगळा निरोप पाठवलाय, की असा सामना ठरलाच तर चहाचा मोठा थर्मास आमच्याकडून.