पहिले प्रेम आणि डळमळणारा आत्मविश्वास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘डम्प्लिन’ या कादंबरीवरील माझा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. देखण्या मुलाने पसंत केले की आपली किंमत ठरते, एवढेच किशोरवयीनांसाठीच्या प्रेमकादंबऱ्या मुलींच्या मनावर बिंबवतात, आणि लाजणे-अडखळणे यांचा पाल्हाळ लावून ते गोड करून सांगतात, असा आपला आक्षेप आहे. या प्रकारातील बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत तो रास्तच आहे. या कादंबरीत मात्र नेमके उलटे घडते, आणि आपण ज्याला पाल्हाळ म्हणता त्या अडखळण्यातच ते घडते.

ज्युली मर्फी यांची ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. टेक्सासमधील क्लोव्हर सिटी या काल्पनिक गावातील विलोडीन तिची निवेदक आहे. ती लठ्ठ आहे आणि तसे सांगताना तिला संकोच वाटत नाही. आई गावच्या सौंदर्यस्पर्धेची एकेकाळची विजेती आणि आता त्याच स्पर्धेची सूत्रधार, त्यामुळे तुलना घरातच मुक्कामाला आलेली. तरीही ही मुलगी आपल्या जागी बऱ्यापैकी सुखात आहे. बर्गरच्या दुकानात ती गल्ल्यावर असते आणि बो नावाचा मुलगा आत स्वयंपाकघरात. तो तिचे चुंबन घेतो, तिलाही ते हवेच असते. पण त्याचा हात तिच्या कमरेकडे सरकतो आणि ती अंग चोरते. आजवर ज्या शरीरात ती निर्धास्त वावरत होती, त्याची प्रत्येक वळी आता त्याच्या हाताला कशी लागत असेल, याखेरीज तिला काही सुचत नाही. कोणी जवळ आलेच नव्हते तोवर टिकलेला आत्मविश्वास, कोणी प्रेमाने जवळ येताच ढासळतो. लेखिकेने हे क्षण भरभर उरकले असते, तर वाचकाला ते पटलेच नसते.

असा मुलगा अशा मुलीच्या प्रेमात पडणे हे निव्वळ स्वप्नरंजन आहे, असेही आपण लिहिले आहे. बो हे पात्र पुरेसे रंगलेले नाही, एवढे मी मान्य करीन. परंतु आपला प्रश्न विलोडीनलाही छळतोच. बो तिला उघडपणे आपली प्रेयसी होण्याविषयी विचारतो, तेव्हा लोक काय बोलतील ते तिला आधीच ऐकू येते आणि ती मागे सरते. त्याच्या मनाविषयीची शंका त्यामानाने दुय्यम असते. लोकांच्या नजरेला तोंड देण्याचे बळ आपल्यात नाही, हे तिला जास्त टोचते.

म्हणूनच मिचची उपकथा मला मोलाची वाटते. मिच हा अंगाने थोराड, मनाने सरळ मुलगा. त्याच्यासोबत फिरताना कोणी वळून पाहत नाही, म्हणून ती त्याच्यासोबत फिरत राहते, त्याला आशा लावते, आणि आपले मन दुसरीकडे आहे हे ठाऊक असूनही बोलत नाही. स्वतःला कमी लेखणारी व्यक्ती दुसऱ्याला किती सहज दुखावू शकते, हे येथे दिसते. आणि केवळ नायिका म्हणून कादंबरी तिच्या या वागण्यावर पांघरूण घालत नाही. पुढे सौंदर्यस्पर्धेतही तिला मुकुट मिळत नाही, आणि वजन तर कुठेच घटत नाही.

आपल्याकडे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ असताना ही परदेशी पुस्तके कशाला, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘शाळा’तच आहे. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गातला मुकुंद आपल्याला आतून कळतो. त्याची धडधड, त्याचे बेत, सारे आपले होते. त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर मात्र आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसते. निवेदक मुकुंद असल्यामुळे तसे होणारच, आणि त्या कादंबरीवर माझे निरतिशय प्रेम आहे. तरीही तो पाहत असताना तिला स्वतःबद्दल काय वाटत होते, हे जाणून घेण्याची इच्छा एखाद्या वाचक मुलीला झाली, तर तिला दुसरे पुस्तक शोधावे लागते.

शेवटी आपण विचारले आहे की पंधरा वर्षांच्या भाचीच्या हाती हे पुस्तक द्यावे का. अवश्य द्यावे, आणि आधी स्वतःही वाचावे. मिचशी विलोडीन जे वागली ते कसे वाटले, एवढे मात्र भाचीला जरूर विचारा, आणि ती काय म्हणाली ते मला कळवा.