बाबांचं कॅलेंडर आणि स्टिगलरच्या नावावर खपवलेला फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात बाबांनी रक्तदाबाची गोळी एकाच सकाळी दोनदा घेतली. गोळी घेतली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते फुली मारायचे. आईने पाहिलं तर चार दिवसांचे चौकोन कोरे. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं: 'फ्रेंच तत्त्वज्ञ बर्नार स्टिगलर यांनी सिद्ध केलंय, माणूस निसर्गतः परिपूर्ण असतो, साधनं त्याला बिघडवतात. लिहून ठेवलं की स्मरणशक्ती मरते. त्यांनी स्वतः तंत्रज्ञान सोडलं. आजपासून वही, यादी, मोबाइल बंद!'

'निसर्गतः परिपूर्ण' हे तर साफ उलटं आहे. स्टिगलरच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १९९४ चा, आणि त्याच्या नावातच 'एपिमेथियसची चूक' आहे. ग्रीक कथेत एपिमेथियस प्राण्यांना पंख, नखं, जाड कातडी वाटत सुटतो आणि माणसाची पाळी येते तेव्हा त्याच्याकडे काहीच उरत नाही. मग प्रोमिथियस माणसासाठी अग्नी आणि कसब चोरून आणतो. म्हणजे सुरुवातच उणिवेपासून! दगडी हत्यारापासून माणूस साधनांसोबतच घडत आला, असं स्टिगलर सांगतो. हत्यार, लिपी, फोटो, ध्वनिमुद्रण ही सगळी शरीराबाहेर ठेवलेली स्मृती. आपण न जगलेला काळ आपल्यापर्यंत पोचतो तो तिच्यातूनच.

लिहिल्याने स्मरण मरतं ही भीती प्लेटोच्या 'फीड्रस'मधली. तिथे लिपीला 'फार्माकॉन' म्हटलंय. या शब्दाचा अर्थ औषधही आणि विषही. स्टिगलरने दोन्ही अर्थ धरले, फॉरवर्डवाल्याने विष तेवढं उचललं. आणि हा माणूस १९७८ ते १९८३ बँक दरोड्यांसाठी तुरुंगात होता; तत्त्वज्ञान शिकला तो तिथेच, कोठडीत वाचून आणि लिहून. त्याच्या तोंडी 'वही बंद' घालताना काहीच कसं वाटत नाही?

तंत्रज्ञान सोडलं म्हणे! २००६ पासून तो पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातली डिजिटल साधनांवरची संशोधन संस्था चालवत होता.

एक मात्र मान्य करावं लागेल. पडद्यांनी मुलांचं लक्ष पळवलंय हे तो कळकळीने मांडायचा. २००८ चं एक पुस्तक त्याच काळजीतून आलंय. पण त्याचा राग होता तो लक्ष विकून पैसा करणाऱ्या उद्योगांवर. गोळ्यांची नोंद ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी त्याचा काय संबंध?

बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला सांग, पेन सापडत नाहीये." आईने ते कॅलेंडरच्या खिळ्यालाच दोऱ्याने बांधून टाकलंय.